बावीस निबंधांचा एक ग्रंथ: तांत्रिक शोधनिबंधांचा संग्रह संपादित करताना

सोलापुरातल्या एखाद्या महाविद्यालयात परिषद ठरते. विषय पाणी, यंत्रमाग, डाळिंब, सौरऊर्जा, काहीही असो, निबंध मागवले जातात आणि विभागात सर्वांत नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकाच्या गळ्यात संपादन पडते. सूचना एका ओळीची: सगळ्या फायली एकाखाली एक लावा, अनुक्रमणिका करा, प्रेसला द्या. त्यातून बांधीव गठ्ठा तयार होतो. वाचणारा त्यातला आपल्या मित्राचा निबंध बघतो आणि पुस्तक कपाटात ठेवतो.

हे मार्गदर्शन त्या नव्या संपादकासाठी आहे. बोलायला सोपे जावे म्हणून एक काल्पनिक संग्रह धरू: 'सोलापूर जिल्ह्यातील पाणी: शेत, कारखाना, शहर'. निबंध बावीस, संपादक दोन, काही निबंध मराठीत, काही इंग्रजीत.

प्रकाशनाची तारीख परिषदेपासून सोडवून घ्या

उद्घाटनाला पाहुण्यांच्या हस्ते ग्रंथ प्रकाशित करायचा, ही हौस सुसूत्रतेच्या मुळावर येते. निबंध आदल्या आठवड्यापर्यंत येत राहतात आणि मेळ तपासायचा तर सगळे निबंध एकाच वेळी टेबलावर लागतात. पंधरा निबंध पाहून ठरवलेला नियम सोळावा निबंध मोडतो, आणि तोवर पहिले पंधरा मांडणीला गेलेले असतात.

उद्घाटनाला सारांशपुस्तिका द्या. प्रत्येकी २५० शब्दांचे सारांश घेतले की ३२ पानांत काम होते, प्रकाशनाचा फोटोही निघतो. पूर्ण ग्रंथाला परिषदेनंतर चार महिने धरा: परीक्षणाला ५ आठवडे, लेखकांच्या दुरुस्त्यांना ३, संपादकांच्या वाचनाला ४, मांडणी आणि मुद्रितशोधनाला ३, छपाई-बांधणीला २. प्राचार्यांना हे पटवणे ही सर्वांत अवघड पायरी आहे, म्हणून ती पहिली.

एका पानाचे टिपण, निबंध मागवण्याआधी

'पाणी' हा विषय झाला. संग्रहाला प्रश्न लागतो. आपल्या उदाहरणात तो असा लिहिता येईल: सोलापूर जिल्ह्यात उजनी धरणाचे आणि जमिनीखालचे पाणी कोण, किती आणि कोणत्या दर्जाचे वापरते? त्याखाली हद्दी लिहा. जागा कोणती (अकरा तालुके, की भीमेचे खोरे? दोन्ही एक नव्हेत), काळ कोणता, आणि काय घ्यायचे नाही.

आवाहनासोबत हे पान जोडा. निबंध आला की त्याचा या प्रश्नाशी असलेला संबंध एका वाक्यात लिहून बघा. वाक्य जमत नसेल तर निबंध चांगला असूनही परत करा. इथे नोंदणी शुल्काची अडचण येते. लेखकाने पैसे भरलेले असतात, त्याला बढतीसाठी गुण हवे असतात आणि संपादकाला नाही म्हणायची लाज वाटते. उपाय आवाहनातच करावा: शुल्क सादरीकरणाचे आहे, ग्रंथातील निवड परीक्षणानंतर होईल. हे वाक्य नसेल तर पाण्याच्या ग्रंथात क्लाउड सुरक्षेवरचा निबंध हमखास येतो.

शैलीपत्रक: खरे काम इथे आहे

शैलीपत्रक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची यादी, असा समज असतो. शुद्धलेखनासाठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ नियम आहेत. ते पाळा आणि पुढे जा. तांत्रिक संग्रह फुटतो तो एकके, व्याख्या आणि वर्षांवरून.

वर्षांपासून सुरुवात करा. '२०२१-२२' म्हणजे काय? आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. कृषी वर्ष १ जुलै ते ३० जून. साखर हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. कारखान्याच्या पाणीवापरावरचा निबंध, ठिबकाच्या अनुदानावरचा निबंध आणि रब्बी ज्वारीवरचा निबंध एकच जोडवर्ष लिहितात आणि तीन वेगळ्या काळांबद्दल बोलतात. नियम करा: प्रत्येक निबंधात जोडवर्षाच्या पहिल्या उल्लेखाला कंसात महिने द्यायचे. डाळिंबावरच्या निबंधात नुसते 'बहाराच्या काळात', म्हणजे फुलोऱ्याच्या हंगामात, चालवू नका. आंबे, मृग की हस्त, आणि ताण तोडल्याची, म्हणजे बंद ठेवलेले पाणी पुन्हा सुरू केल्याची, तारीख कोणती, हे विचारा. आंबे बहाराचे पाणी उन्हाळ्यात लागते, मृगाचे पावसाळ्यात. नाव न घालता दिलेला पाण्याचा आकडा निरुपयोगी असतो.

आता उजनी. एक लेखक धरणाची क्षमता ११७.२३ टीएमसी (अब्ज घनफूट) लिहील, दुसरा ५३.५७. दोघेही बरोबर आहेत. पहिला आकडा एकूण साठ्याचा, दुसरा उपयुक्त साठ्याचा, आणि मधला ६३.६६ टीएमसीचा फरक म्हणजे मृतसाठा, नेहमीच्या वापरात न धरलेले तळाचे पाणी. सोलापूरकराला 'उजनी उणे तीसवर' हे वाक्य उन्हाळ्यात रोज ऐकून पाठ असते. बाहेरच्या वाचकाला शून्याखालचे पाणी कळत नाही. ही टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजतात. उणे ३० टक्के म्हणजे मृतसाठ्यातून ५३.५७ च्या ३० टक्के, सुमारे १६ टीएमसी, उचलले गेले. धरणात तेव्हाही सुमारे ४७.६ टीएमसी पाणी असते. शैलीपत्रकात लिहा: साठ्याच्या प्रत्येक आकड्यापुढे एकूण, उपयुक्त की मृत हे यायलाच हवे, आणि टक्केवारीसोबत टीएमसीतला आकडाही. एकक एकच ठेवा. १ टीएमसी म्हणजे २८.३२ दशलक्ष घनमीटर. पाटबंधारे खात्याच्या कागदांतून 'दलघमी' आले असेल तर ते टीएमसीत बदला किंवा सगळेच दलघमीत न्या. धरणाला उजनी, प्रकल्पाला भीमा आणि जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. कुठे काय वापरायचे हेही ठरवा, नाहीतर परगावच्या वाचकाला ही तीन धरणे वाटतील.

पाण्याच्या दर्जाच्या तक्त्यांत जास्त डोळस राहावे लागते. जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी, आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे २७ अंश सेल्सिअसला ३ दिवसांची मोजतात. परदेशी संदर्भांत ती २० अंशांना ५ दिवसांची असते. दोन्ही आकडे एकाच स्तंभात ठेवून टॉवेल कारखान्याच्या सांडपाण्याची तुलना केलेली असेल तर निबंध परत पाठवा. लेखकाने स्तंभाच्या डोक्यावर दिवस आणि तापमान लिहिले पाहिजे. नायट्रेटचे असेच. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा नायट्रेट म्हणून मोजलेली आहे. तोच पदार्थ नायट्रोजन म्हणून मोजला की आकडा सुमारे १० होतो, कारण दोन्हींतला गुणक ४.४३ आहे. एका निबंधातली विहीर '१२' वर दूषित आणि दुसऱ्यातली '३८' वर सुरक्षित दिसली तर आधी मोजण्याची रीत विचारा.

पाणी मोजण्याच्या एककांत शेतीवाले आणि अभियंते हटकून वेगळे बोलतात. डाळिंबवाला म्हणतो झाडाला दिवसाला २० लिटर, अभियंता म्हणतो दीड मिलिमीटर. दोघांना एका तक्त्यात बसवायला लागवडीचे अंतर लागते. ४.५ बाय ३ मीटर अंतर असेल तर झाडाच्या वाट्याला १३.५ चौरस मीटर जागा येते. चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर उंचीचे पाणी, म्हणून २० भागिले १३.५ म्हणजे १.४८ मिलिमीटर. हेक्टरी ७४० झाडे धरली की दिवसाला १४.८ घनमीटर. अंतर दिलेले नसेल तर हा हिशेब करता येत नाही, आणि संपादकाने अंदाजाने अंतर घालू नये. क्षेत्रासाठी हेक्टर हेच मुख्य एकक ठेवा. एकर आणि गुंठे कंसात चालतील (१ हेक्टर २.४७ एकर, १ एकर ४० गुंठे), कारण आपला शेतकरी वाचक एकरीच विचार करतो.

कापडाचे निबंध घेतले तर सुताचा नंबर स्वतंत्रपणे बघा. सुती नंबर जितका मोठा तितके सूत बारीक; टेक्समध्ये (हजार मीटर सुताचे ग्रॅममधले वजन) नेमके उलटे. २० नंबरचे सूत म्हणजे सुमारे २९.५ टेक्स (५९०.५ भागिले नंबर). एका निबंधाचा आलेख नंबरात आणि दुसऱ्याचा टेक्समध्ये असेल तर दोन्हींचे निष्कर्ष सारखे असूनही रेषा विरुद्ध दिशेला जाताना दिसतात.

मग संज्ञा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जवळ ठेवा, पण प्रयोगशाळेत आणि शेतात रुळलेला शब्द असेल तर तोच घ्या. 'ठिबक' आणि 'सूक्ष्म सिंचन' हे अदलून-बदलून लिहिलेले सापडतील. सूक्ष्म सिंचनात तुषारही येते, म्हणून ते समानार्थी नव्हेत. 'पाणीवापर कार्यक्षमता' तर दोन अर्थांनी येते: घनमीटरमागे किती किलो पीक, किंवा सोडलेल्या पाण्यापैकी किती टक्के पिकाला मिळाले. दुसऱ्या अर्थासाठी 'सिंचन कार्यक्षमता' राखून ठेवा. बावीस निबंधांच्या संग्रहाला साधारण चाळीस ते साठ संज्ञांची यादी पुरते. दोनशेची केली तर ती कोणी उघडत नाही.

अंक देवनागरी की आंतरराष्ट्रीय, हे पहिल्या दिवशी ठरवा. मजकुरात देवनागरी आणि आलेखांत आंतरराष्ट्रीय अशी सरमिसळ झाली की देवनागरी एक हा घाईत इंग्रजी नऊसारखा वाचला जातो आणि देवनागरी चार इंग्रजी आठसारखा. संगणकावर शोधतानाही एका लिपीतला आकडा टाकून दुसऱ्या लिपीतला सापडेलच असे नाही. मोठ्या संख्या लाख-कोटीत की दशलक्षात, हेही एकच ठेवा.

नावांबद्दल दोन गोष्टी. धाराशिव, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर ही आजची नावे मजकुरात वापरा, पण जुन्या अहवालाचे शीर्षक जसे छापले तसेच राहू द्या. सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले २००४ साली. नामविस्तारानंतर ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झाले. लेखकांच्या पत्त्यात पूर्ण नाव हवे. दुसरी गोष्ट लेखकांच्या नावांची. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी घरे शेजारी-शेजारी आहेत आणि काही नावांत आडनाव आधी येते. शेवटचा शब्द आडनाव समजून सूची केली की एकाच माणसाची दोन माणसे होतात. लेखकाच्या माहितीपत्रकात एक रकाना ठेवा: संदर्भात तुमचे नाव कसे छापायचे?

फायली आल्यावर

मूळ फाइल आणि पीडीएफ दोन्ही मागवा, पीडीएफ पुराव्यासाठी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर बदलून घेताना रफार, 'ऱ्या' आणि 'ॲ' मोडतात, ते शोधून दुरुस्त होतात. त्याहून धोकादायक चूक डोळ्याला दिसतच नाही. चिन्हांच्या खास फाँटमध्ये मायक्रोचे चिन्ह इंग्रजी 'एम'च्या कळीवर असते. कोणी सगळ्या मजकुराचा फाँट एकदम बदलला की मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात. चूक हजारपट, आणि वाक्य मात्र निर्दोष दिसते. फाँट बदलल्यावर मायक्रो, अंश, अधिक-उणे ही चिन्हे आणि खाली-वर लिहिलेले अंक पीडीएफशी ताडून बघा.

चित्रे छापायच्या मापाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवीत. १० सेंटिमीटर रुंद चित्राला रुंदीत सुमारे १,१८० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेले चित्र दाबून लहान झालेले असू शकते, म्हणून त्याचे पिक्सेल आधी तपासा. छपाई काळी-पांढरी असेल तर लाल आणि हिरवी रेषा एकसारख्या करड्या होतात. रेषांना वेगवेगळी खूण मागा: तुटक, ठिपक्यांची, चौकोनी टोकांची.

उभे वाचन, मग आडवे वाचन

एकेक निबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणे हे उभे वाचन. ते परीक्षकही करतात. संपादकाचे वेगळे काम आडव्या वाचनात असते: सगळे निबंध छापून पसरा आणि एका बैठकीत प्रत्येकाचा एकच भाग वाचा. एका दिवशी फक्त सारांश. मग फक्त अभ्यासक्षेत्राचे वर्णन, मग फक्त तक्ते, मग फक्त निष्कर्ष. नुसता ताणा, म्हणजे उभे धागे, लावून चादर होत नाही, हे या गावात वेगळे सांगायला नको.

अभ्यासक्षेत्राच्या बैठकीत पहिली गंमत कळते. बावीसपैकी पंधरा निबंधांत 'सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण आहे' इथून सुरू होणारा तोच परिच्छेद असतो आणि सरासरी पावसाचा आकडा दर वेळी वेगळा. हे परिच्छेद काढून टाका. जिल्ह्याचे एकच दोन पानी वर्णन, एक नकाशा आणि पावसाचा एक तक्ता सुरुवातीला द्या. निबंधांत फक्त 'पाहा: जिल्ह्याची ओळख' एवढे ठेवा. निबंधामागे अर्धे पान धरले तरी सात-आठ पाने वाचतात. लेखक कुरकुर करतात, पण थोडीच.

तक्त्यांच्या बैठकीत मेळपत्रक भरा. साध्या स्प्रेडशीटमध्ये हे स्तंभ: राशी (काय मोजले), आकडा, एकक, काळ, ठिकाण, आकड्याचा उगम, निबंध क्रमांक, पान. बावीस निबंधांना दोघांचे दोन दिवस जातात. भरून झाल्यावर राशीप्रमाणे क्रम लावा. विसंगती आपोआप एकाखाली एक येतात.

विसंगती सापडली म्हणून लगेच लाल पेन उचलू नका. ती कुठल्या जातीची आहे ते पाहा. एकक किंवा व्याख्येची असेल तर शैलीपत्रकाने मिटते. उगमाची असेल, म्हणजे एकाने जुना अहवाल घेतला आणि दुसऱ्याने नवा, तर दोघांनाही नवा आकडा वापरायला सांगा. आकड्यावर पुढचा हिशेब उभा असेल तर तो लेखकानेच पुन्हा करायचा. तिसरी जात खऱ्या मतभेदाची. एका निबंधाला ठिबकाने भूजलाचा उपसा कमी झालेला दिसतो, दुसऱ्याला तो वाढलेला दिसतो, कारण वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी एक एकर डाळिंब लावले. हा मतभेद पुसून टाकणारा संपादक ग्रंथाचे नुकसान करतो. दोन्ही निबंध शेजारी ठेवा, प्रत्येक लेखकाला दुसऱ्याचा निबंध पाठवा आणि शेवटी दोन-तीन वाक्यांत उत्तर द्यायला सांगा. तिथेच संग्रहाला जीव येतो.

एक पथ्य: लेखकाचा आकडा, समीकरण आणि निष्कर्ष संपादकाने परस्पर बदलायचे नाहीत. भाषा सुधारा, संज्ञा बदला, परिच्छेद हलवा. आकड्यासाठी पत्र लिहा आणि उत्तर जपून ठेवा.

क्रम, दुवे, प्रस्तावना

लेखकांच्या ज्येष्ठतेप्रमाणे किंवा आडनावाप्रमाणे क्रम लावू नका. आपल्या प्रश्नात कोण, किती, कशा दर्जाचे हे तीन भाग आहेतच. तेच ग्रंथाचे विभाग होतील. विभागांत सात-सात निबंध बसले नाहीत तर नाही बसले, एकात अकरा आणि एकात चार असू शकतात. प्रत्येक निबंधात ग्रंथातल्या दुसऱ्या निबंधाचे किमान दोन दुवे हवेत. लेखकांनी एकमेकांचे वाचलेले नसते, म्हणून हे दुवे संपादक सुचवतो आणि लेखक मान्य करतो.

इंग्रजी निबंध ठेवायचे असतील तर प्रत्येकाला १५० शब्दांचा मराठी सारांश आणि शैलीपत्रकातल्या मराठी संज्ञा जोडा. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहा. 'या निबंधात अमुक यांनी तमुक सांगितले आहे' अशी बावीस वाक्ये म्हणजे लांबवलेली अनुक्रमणिका. प्रश्नाचे किती उत्तर मिळाले, कुठे लेखक एकमेकांना छेद देतात आणि कोणत्या तालुक्याबद्दल एकही निबंध आला नाही, हे सांगणारी सहा पाने पुरेत.

संदर्भ आणि विषयसूची

संदर्भांची पद्धत कोणतीही घ्या, क्रमांकांची किंवा लेखक-वर्षाची, पण एकच. मिश्र विषयांच्या संग्रहाला लेखक-वर्ष सोयीची पडते, कारण परिच्छेद हलवला तरी क्रमांक बिघडत नाहीत. सगळ्या निबंधांचे संदर्भ एका फायलीत ओतून अकारविल्हे लावून बघा. एकच अहवाल चार नावांनी दिलेला तिथे सापडतो. नंतर ते पुन्हा आपापल्या निबंधाखाली टाका.

विषयसूची फारसे कोणी करत नाही. करा. सहा-सात पानांची पुरे. 'तेल्या', 'जिवाणूजन्य करपा' आणि 'बॅक्टेरियल ब्लाइट' हा एकच रोग असल्याचे वाचकाला तिथेच कळते.

प्रेसला देताना

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून मोफत मिळतो. अर्ज मांडणी सुरू होताच करा. छापील आणि ई-आवृत्तीला वेगळे क्रमांक लागतात. पाने १६ च्या फर्म्यात (एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या जुडीत) बसवा. निबंध १७६, सुरुवातीची १२ आणि सूचीची ७ धरली तर १९५ होतात. १२ फर्मे १९२ पानांचे. तीन पानांसाठी तेरावा फर्मा चढतो आणि तेरा पाने कोरी जातात, म्हणून कापायचे ते मांडणी पक्की होण्याआधी कापा. नंतर पाने हलली की विषयसूचीतले आकडे आणि 'पाहा: पान अमुक' असे दुवे चुकतात. यासाठीच दुवे पानाऐवजी निबंध क्रमांकाने द्यावेत.

लेखकांना मुद्रित, म्हणजे छपाईआधीची तपासणीची प्रत, एकदाच पाठवा, सात दिवसांची मुदत देऊन, आणि नवी वाक्ये घालता येणार नाहीत असे वर ठळक लिहा. शेवटचे मुद्रित वाचताना मजकूर वाचू नका, तो वाचून डोळे निर्ढावलेले असतात. फक्त शीर्षके, पानांवरचे धावते मथळे, तक्त्यांचे क्रमांक आणि अनुक्रमणिकेतली पाने ताडा. बांधणीआधी प्रेसकडून दुमडलेल्या फर्म्यांची एक प्रत मागवून पान क्रमांक एक ते शेवटपर्यंत बोटाने मोजा. फर्मा उलटा लागला असेल तर तो याच टप्प्यावर बदलता येतो.